तुकड्यावर चिनी शिक्का दिसला म्हणजे चीननंच डागलं का?

संत्राबाग: कालच्या त्या पोस्टनं डोकंच फिरलं. मे २०२५ मधी पंजाबातल्या होशियारपूरच्या शेतात पीएल-१५ ह्या विमानातून सुटणाऱ्या मिसाईलचे तुकडे सापडले, माल चिनी, म्हणून भाऊ "चीननंच हल्ला केला" लिहून मोकळे. अरे बाप्पा, बनवलं कोणी, विकलं कोणाले अन डागलं कोणी, हे तीन वेगळे प्रश्न हायेत! ते पाकिस्तानच्या विमानातून सुटलं. रशियाच्या ड्रोनमधी अमेरिकन कंपन्यांच्या चिपा निघतात, मंग कीव्हवर अमेरिकेनं ड्रोन सोडले का? रशियानं वरून 'गेरान-२' लिहिलं तरी पंख अन इंजिन पाहून इराणी शाहेद-१३६ ड्रोन हे लगेच ओळखू आलं. अक्षरावर जाऊ नका, बनावट पाहा.

देवळीकर: ज्याचा माल तो जबाबदार. विकताना माहीत नव्हतं का कुठं फुटणार ते?

संत्राबाग: जबाबदार म्हणा ना, कोण नाही म्हणते? २०१४ मधी युक्रेनवर मलेशियाचं प्रवासी विमान एमएच-१७ पडलं, वैमानिकांच्या अंगात बो-टायच्या आकाराचे लोखंडी तुकडे निघाले, त्यावरून जमिनीवरून विमान पाडणारं रशियन बनावटीचं 'बुक' मिसाईल ठरलं. पण बुक तं युक्रेनकडंही होतं! रस्त्यावरचे फोटो-व्हिडिओ जोडत जोडत रशियाच्या कुर्स्कच्या ब्रिगेडपर्यंत पोचाले २०१८ उजाडलं.

वैनगंगाकाठ: तुमचं ओळखणं होईन, पण आधी अशा तुकड्याले हात लावणाऱ्याचं बोला. एप्रिल २०२२ मधी आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडं लाडबोरीत आकाशातून भलीमोठी रिंग पडली, सारं गाव जमलं. अंतराळात जाणाऱ्या रॉकेटची होती म्हणून निभावलं.

देवळीकर: ताई, हात लावणाऱ्याले नावं ठेवू नका. २०१८ मधी वर्धा जिल्ह्यात सोनेगाव आबाजीले जुना दारूगोळा नष्ट करताना ६ जणं गेले, त्यात रोजीवरचे मजूर होते. माझा काका लष्कराच्या गोळाबारीच्या रेंजवरून पितळ वेचून आणे. अंगणात बसून फ्यूजचं, म्हणजे गोळा फोडणाऱ्या भागाचं, टोपण कानशीनं घासत होता, दोन बोटं गेली. पोटापायी जाते माणूस.

वैनगंगाकाठ: नावं कोण ठेवते? ज्याले माहीत नाही त्याले सांगाले नको का?

देवळीकर: भंगारवाला किलोवर पैसे मोजते तोवर कोणी ऐकत नाही. त्याले धरा आधी!

संत्राबाग: धागा कुठं चालला राजेहो? चीनचं काय ते सांगा.

देवळीकर: बरं, पाकिस्ताननं डागलं, घ्या. विकणाऱ्याले मी सोडणार नाही.

वैनगंगाकाठ: ॲडमिन, कालच्या पोस्टमधला तुकडा हातात धरलेल्या पोट्ट्याचा फोटो आधी काढा. पोट्टे तेच पाहून शिकतात.