मदत हवी आहे: आईच्या मणक्यातल्या दुसऱ्या इंजेक्शनला हो म्हणावं का?

आई ६८ वर्षांची. मणक्यातली नसांची जागा अरुंद झाली आहे, असं एमआरआयमध्ये आलंय. सात महिने उजव्या पायात कळ येते, कुल्ल्यापासून थेट पोटरीपर्यंत. दहा मिनिटं उभी राहिली की टेकायला काहीतरी शोधते, पुढे वाकली की बरं वाटतं. शुगर आहे, शिवाय हृदयातल्या स्टेंटमुळे क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) चालू आहे.

अडीच महिन्यांपूर्वी एपिड्युरल स्टेरॉइडचं (मणक्यातल्या नसांभोवती सूज कमी करणारं औषध सोडायचं) इंजेक्शन झालं. तीन आठवडे छान गेले, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता डॉक्टर दुसरं घ्या म्हणतात.

मी वाचत बसले आणि गोंधळ वाढला. २०१४ साली अशाच अरुंद मणक्याच्या ४०० रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना स्टेरॉइड आणि बधिर करणारं औषध, निम्म्यांना नुसतं बधिर करणारं. सहा आठवड्यांनी पायदुखीत म्हणण्यासारखा फरक नाही! २०२५ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेली मार्गदर्शक तत्त्वं तर तीन महिन्यांहून जुन्या मणक्याच्या दुखण्यात ही इंजेक्शनं देऊच नका म्हणतात (कॅन्सरचं दुखणं वगळून). त्यावर वेदना-तज्ज्ञांच्या संघटनांनी हरकतही घेतली आहे. मग आईचे ते तीन आठवडे कशाचे?

दुसरी भीती वेगळीच. मागच्या वेळी आई टेबलावर पालथी, तोंड उशीत. पाठीवर गार बोळा फिरला तो डाव्या बाजूला. तिनेच उजवा पाय हलवून "अहो, दुखतो तो हा" म्हटलं. सगळे हसले. नंतर फाइल चाळली तर चेकलिस्टवर 'बाजू पडताळली' याच्यापुढे बरोबरची खूण, आणि त्यावरची वेळ आईला आत नेण्याच्याही आधीची. इंजेक्शनसाठी ती यादी खरंच पाळतात का? आणि क्लोपिडोग्रेलचं काय करायचं?

प्रतिसाद

मी भूलतज्ज्ञ आहे. आईंना तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

आधी गोळीचं. स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. चालू असताना सुई घातली तर आत रक्त साठून नसांवर दाब येऊ शकतो, बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. स्टेंट कधी बसवला त्यावर बरंच ठरतं, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांशी इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांनी थेट बोलावं. तुम्ही मध्ये निरोप्या होऊ नका.

त्या तीन आठवड्यांबद्दल: बधिर करणारं औषध काही तासांत उतरतं. आराम स्टेरॉइडचा असेल, किंवा दुखणं आपसूक खाली आलं असेल. एका रुग्णावरून ते सांगता येत नाही, म्हणूनच चाचण्या करतात. मी असते तर डॉक्टरांना सरळ विचारलं असतं की या वेळी वेगळं काय होणार आहे, आणि व्यायाम किंवा शस्त्रक्रियेचा विचार केव्हा करायचा. स्टेरॉइड कोणतं तेही विचारा. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१४ मध्ये इशारा दिलाय: या इंजेक्शनांनंतर क्वचित, पण दृष्टी जाणं, स्ट्रोक, पक्षाघात असं घडलेलं आहे. साखरही काही दिवस चढते.

यादीचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया सुरक्षित व्हावी यासाठीची १९ मुद्द्यांची यादी २००८ ची. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी, अशी तीनदा थांबून वाचायची. ती वापरल्यावर आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत मृत्यू १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले. पुढे कॅनडातल्या ओंटारिओत १०१ रुग्णालयांत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. माझ्या मते कारण तुमच्या फाइलमध्येच आहे: खूण आधी, थांबणं नंतर किंवा नाहीच. बाजू ठरवून तिथे खूण करायचा नियम इंजेक्शनलाही हवाच. आईंना जागं असताना विचारून, सुई देणाऱ्यानेच ती पेनने करायची.

आणि लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर इंजेक्शनचा विषय बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठा.

धागाकर्ती

खूप आभार. स्टेंटला सोळा महिने झालेत. गुरुवारी दाखवायचंय, तोवर दोन्ही डॉक्टरांची गाठ घालून देते. आई म्हणते, आपणच मार्करने उजव्या पायावर बाण काढून जाऊ. तिने काढलेला चालेल, की त्यानेच आणखी घोळ होईल?