स्नॅपशॉट दुसऱ्या बॅकएंडवर उघडल्यावर लेव्हल-ट्रिगर्ड इंटरप्ट थांबतात

प्रश्न

आमच्या व्हर्च्युअल मशीन मॉनिटरमध्ये एक्स८६ गेस्ट (आत चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) दोन प्रकारे, म्हणजे दोन बॅकएंडवर, चालतो: एकात सगळे इंटरप्ट कंट्रोलर केव्हीएम (लिनक्स कर्नलमधील व्हर्च्युअलायझेशन) सांभाळते, तर स्प्लिट पद्धतीत फक्त लोकल एपिक (प्रत्येक सीपीयूचा इंटरप्ट कंट्रोलर) कर्नलमध्ये राहतो आणि ८२५९ (जुना इंटरप्ट कंट्रोलर) व आयओएपिक (डिव्हाइसांच्या पिनवरचे इंटरप्ट लोकल एपिककडे पाठवणारा) आमच्या प्रोसेसमध्ये असतात. पहिल्या प्रकारात घेतलेला स्नॅपशॉट स्प्लिटमध्ये उघडला की गेस्ट सुरू होतो, टायमरही चालतो. पण लेव्हल-ट्रिगर्ड (लाइन सक्रिय असेपर्यंत इंटरप्ट मागणाऱ्या) पिनवरच्या पीसीआय नेटवर्क कार्डाचे इंटरप्ट लगेचच कायमचे थांबतात. एमएसआय (पिनऐवजी मेमरीतील लेखनाने दिला जाणारा इंटरप्ट) वापरणाऱ्या डिव्हाइसांना काहीच होत नाही. आयओएपिकच्या सर्व २४ नोंदी लोड झाल्यावर तंतोतंत जुळतात. मग फरक कुठे राहतो?

उत्तर १

एमएसआय सुरळीत आहे, म्हणजे संशय ईओआयवर (इंटरप्ट हाताळून झाल्याची गेस्टची सूचना) घ्यावा. लेव्हल इंटरप्ट लोकल एपिकने स्वीकारला की आयओएपिकच्या त्या नोंदीतले रिमोट आयआरआर बिट १ होते आणि ईओआय येईपर्यंत ती पिन पुन्हा इंटरप्ट देत नाही. स्प्लिटमध्ये हा ईओआय कर्नलकडून तुमच्यापर्यंत यावा लागतो, आणि कोणत्या व्हेक्टरसाठी (इंटरप्ट क्रमांकासाठी) गेस्टमधून बाहेर पडून तुम्हाला कळवायचे हे केव्हीएम राउटिंग टेबलमधील (कोणता इंटरप्ट कुठे पाठवायचा ते सांगणाऱ्या) आयओएपिकसाठी राखून ठेवलेल्या नोंदींवरून ठरवते. गेस्टने रजिस्टर लिहिले तरच तुम्ही ते टेबल भरत असाल, तर स्नॅपशॉटमधून नोंदी थेट मेमरीत उतरवल्यावर कर्नलला त्यांचा पत्ताच लागत नाही.

रिमोट आयआरआर १ असूनही तो व्हेक्टर कोणत्याच लोकल एपिकच्या आयआरआर (प्रलंबित इंटरप्टांची नोंद) किंवा आयएसआरमध्ये (हाताळणी चालू असलेल्यांची नोंद) दिसत नसेल, तर त्या पिनसाठी ईओआय आता येणारच नाही. लोड करताना ही तपासणी अवश्य घालावी.

उत्तर २

वरील निदान पटते, पण माझ्या मते मूळ दोष रचनेचा आहे. क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये कर्नलमधील आणि सॉफ्टवेअरमधील आयओएपिक एकाच सामाईक वर्गातून येतात: साठवण्याचा आराखडा त्या वर्गाचा असतो, आणि साठवण्यापूर्वी कर्नलकडून स्थिती आणणे व लोड झाल्यावर ती परत पोहोचवणे एवढेच काम प्रत्येक बॅकएंडकडे उरते. केवळ बाइट उतरवून लोड पूर्ण झाले असे मानू नये. केव्हीएम स्वतः आयओएपिकची स्थिती स्वीकारताना आयओएपिकचा आपला आयआरआर (प्रलंबित पिनांची नोंद) शून्य करते आणि दिलेल्या आयआरआरमधील इंटरप्ट नव्याने पाठवते. तुमच्या सॉफ्टवेअर आयओएपिकनेही तसेच वागले पाहिजे.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी एपिक बेस (लोकल एपिकचा पत्ता ठेवणारे रजिस्टर), मग लोकल एपिक, आणि टीएससी-डेडलाइन एमएसआर (टायमर केव्हा वाजायचा ती वेळ ठेवणारे सीपीयू रजिस्टर) त्यानंतरच, कारण टायमर टीएससी-डेडलाइन मोडमध्ये नसताना केलेले लेखन दुर्लक्षिले जाते.

एआरएमच्या जीआयसीव्ही३ या इंटरप्ट कंट्रोलरमध्ये केव्हीएमने हा भेद उघडच ठेवला आहे: लॅच झालेली (नोंदून धरून ठेवलेली) प्रलंबित स्थिती आणि लाइनची पातळी वेगवेगळ्या गटांतून वाचावी लागतात. एक्स८६वर ही शिस्त आपणच पाळायची.

प्रश्नकर्ता

लोड झाल्यावर राउटिंग टेबल पुन्हा भरले आणि कार्ड चालू लागले. मात्र आमचा आयओएपिक आपली आवृत्ती ०x२० सांगतो, तर केव्हीएमचा ०x११. हे चालेल का?

उत्तर २

चालणार नाही. ०x२० मध्ये आयओएपिकचे स्वतंत्र ईओआय रजिस्टर असते आणि गेस्ट आवृत्ती पाहूनच ते वापरायचे की नाही हे ठरवतो. म्हणून आवृत्ती बॅकएंडशी न बांधता मशीनच्या प्रकाराशी बांधा, आणि जो गेस्ट दोन्हीकडे न्यायचा आहे त्याला सुरुवातीपासून ०x११ द्या.