'निरोधक' दिलं तर आकुंचन वाढतं कसं?

दुपारचा_चहा: मंडळी, अडकलेय. बी.फार्मच्या प्रॅक्टिकलची मराठी पुस्तिका करतेय. गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा, त्यातल्या नसांना विजेचे हलके झटके दिले की तो आखडतो (आता कॉम्प्युटरवरच दाखवतात), आणि फायसोस्टिग्मिन नावाचं औषध घातलं की अजून जोरात आखडतो. मी लिहिलं 'विकर-निरोधक औषधाने आकुंचन वाढते' (विकर म्हणजे एंझाइम). तपासणारे सर म्हणतात उलटं लिहिलंय, निरोधकाने कमी व्हायला पाहिजे. दुसरा शब्द आहे का?

बोरूबहाद्दर: वाक्य बरोबरच आहे हो. नसेच्या टोकाशी असेटिलकोलीन हे स्नायूला आखडायला लावणारं रसायन सुटतं, त्याला लगेच मोडणारं एक एंझाइम तिथेच बसलेलं असतं, औषध त्या मोडणाऱ्यालाच धरून ठेवतं मग असेटिलकोलीन रेंगाळतं आणि स्नायू जास्त आखडतो. निरोध एंझाइमचा, स्नायूचा नाही. पण मधली ती आडवी रेघ वाचतो कोण!

मागचा_बाक: आणि 'निरोध' ऐकून वर्ग हसणार तो वेगळाच 😄 'रोधक' करा.

शुद्धमती: एंझाइम कशाला? विकर हा छान शब्द आहे, शाळेत तोच शिकलो.

बोरूबहाद्दर: विकर म्हटलं की मला विकार ऐकू येतो. एंझाइमचा मूळ ग्रीक अर्थ 'खमिरात', मग विरजणच म्हणा ना!

शुद्धमती: विरजण दूध लावतं, इथे मोडतोड चाललीय.

पुण्यातली_बंगालीण: बंगालीत स्नायू म्हणजे नस बरं का. सासूबाई 'स्नायूचा त्रास' म्हणाल्या आणि मी त्यांचे पाय चेपत बसले.

कोकणकडा: आजी सरळ मुरडा म्हणायची. पोटात मुरडा येतो तोच हा.

दुपारचा_चहा: मुरड्यात दुखणं येतं, काचेच्या नळीतल्या तुकड्याला कुठे दुखतंय?

कापूसवाला: तुम्ही 'औषध'वर का नाही बोलत? आमच्या इकडे औषध मारणं म्हणजे फवारणी आणि औषध पिलं म्हणजे विष पिलं. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीची विषबाधा झाली, ते मोनोक्रोटोफॉससारखं औषध हेच एंझाइम बंद पाडतं, पोटात कळा, तोंडाला फेस, मग डॉक्टर अॅट्रोपिन देतात. म्हणजे तुमचंही औषध आणि आमचंही औषधच.

मागचा_बाक: बाप रे. आमच्याकडे औषध म्हणजे खोकल्याचं.

शुद्धमती: विषाला औषध म्हणणं चूकच पण.

कापूसवाला: दुकानदार बाटली देताना तेच म्हणतो ताई, चूक कोणाची?

दुपारचा_चहा: अहो, सोमवारी छापायला जातंय. निरोधक की रोधक?

बोरूबहाद्दर: आधी ते विकर काढा.