उपवासकाळात डोळ्यांत पाणी आले नाही, तर पश्चात्ताप खरा मानावा का?

शरणपूरकर :
सर्वांना जय ख्रिस्त. मी शरणपूरच्या प्रोटेस्टंट घरात वाढलो. माझी सासुरवाडी नाशिकरोडची, कॅथॉलिक. तिथे उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, मांसाहार बंद आणि दर शुक्रवारी क्रूसाची वाट (येशूच्या दुःखसहनाच्या टप्प्यांवरची प्रार्थना), असा नेम आहे. लग्नानंतर मीही तो पाळू लागलो. मटण सोडणे जड गेले नाही, परंतु आपल्या पापांबद्दल मन द्रवावे, रडू यावे, असे काही होत नाही. असा पश्चात्ताप देवाला मान्य होतो, की ही नुसती पथ्ये ठरतात?

बागाईतदार, पिंपळगाव :
बायबलमध्ये लूकच्या 19व्या अध्यायातला जकातदारांचा मुख्य जक्कय पाहा. तो रडल्याचा तिथे उल्लेखच नाही. निम्मी मालमत्ता गोरगरिबांना देतो आणि ज्याला नाडले असेल त्याला चौपट परत करतो, एवढेच तो उभा राहून सांगतो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानेही जकातदारांना शोक करायला सांगितले नाही, तर ठरल्यापेक्षा अधिक वसूल करू नका, असे बजावले. आमच्याकडे उपवासकाळ ऐन द्राक्षांच्या खुडणीत येतो. शुक्रवारी मांसाला न शिवणारा, पण खुडणीच्या बायांची मजुरी 'व्यापाऱ्याचा चेक वटला की देतो' म्हणून लांबवणारा माणूस मला यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 58व्या अध्यायात जसाच्या तसा भेटतो. उपास करता आणि त्याच दिवशी मजुरांना राबवता, हाच तिथला आरोप आहे.

नाशिकरोडवासी :
बागाईतदारांचे म्हणणे पटते, पण पुरते नाही. परतफेड हीच कसोटी मानली, तर पैसे घेऊन येशूला पकडून देणारा यहूदा इस्कर्योतही तिला उतरतो. मत्तयाच्या 27व्या अध्यायात त्याला पस्तावा होतो, तो चांदीची 30 नाणी याजकांना परत करतो, 'मी पाप केले' असे स्पष्ट म्हणतो. त्यावर याजक 'त्याचे आम्हाला काय?' म्हणून हात झटकतात आणि तो जाऊन गळफास घेतो. शिष्य पेत्रानेही येशूला तीनदा नाकारले होते, तोही ढसढसा रडला. मात्र तो शिष्यांमध्येच राहिला, आणि प्रभू पुन्हा भेटला तेव्हा तोंड लपवून बसला नाही. फरक मला इथे दिसतो.

शरणपूरकर, आपल्या प्रश्नापुरते सांगायचे, तर कॅथॉलिक शिकवणीत पश्चात्ताप म्हणजे पापाबद्दलचे दुःख, त्याचा तिटकारा आणि ते पुन्हा न करण्याचा निश्चय. हा इच्छेचा निर्णय असल्याने त्यासाठी अश्रूंची अट नाही. (जाता जाता : नियमाने मांसवर्ज्य फक्त राखेच्या बुधवारी आणि शुक्रवारी आहे, तर उपास राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे), तोही 18 ते 59 या वयात. आपल्या सासरचा नेम त्याहून कडक आहे.)

शरणपूरकर :
दोघांचेही आभार. मग ज्याचे देणे लागतो तो माणूसच हयात नसेल, तर?

बागाईतदार, पिंपळगाव :
बायबलच्या जुन्या करारातल्या गणना या पुस्तकाच्या 5व्या अध्यायात याची तरतूद आहे. अपराध कबूल करून मुद्दलात पाचवा हिस्सा घालून परत करायचे. तो माणूस नसेल तर त्याच्या जवळच्या नातलगाला, आणि नातलगही नसेल तर ते परमेश्वराचे म्हणून याजकाकडे द्यायचे. तेव्हा आधी त्यांच्या वारसांची चौकशी करा.