गोष्टीतला पाऊस नुसता पाऊसच असतो व्हय?

रंकाळ्याची आई :
काल इथं एका भावानं लिहिलं, "गोष्टीत पाऊस म्हणजे पाऊसच. प्रतीक, सूचन हे सगळं मास्तर लोकांनी काढलेलं, त्यापायी पोरं वाचायची बंद झाली." रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं म्हणून सविस्तर लिहिते. माझी पोरगी नववीत. वर्गातल्या एका गोष्टीत सुरुवातीलाच आजीची काठी दाराआड धूळ खात पडलेली. पुढं दोन पानं सगळे आजीबद्दल बोलतात, आजी एकदाबी बोलत नाही. पोरगी मधेच म्हणाली, मम्मी, आजी गेलीय गं, कुणी सांगंना झालंय. शेवट अजून यायचा होता! पूर्वसूचन, म्हणजे पुढं घडणाऱ्याची आधीच दिलेली खूण, हा शब्दसुद्धा तिला माहीत नव्हता, धूळ दिसली तिला, बास. हे मास्तरांनी काढलं?

गंगावेशकर :
पोस्ट माझीच. ताई, तुमची पोरगी हुशार, मान्य. माझ्या पोराचं ऐका. दहावीचा सराव पेपर, प्रश्न स्वमतचा. त्यानं लिहिलं, नायक रागानं पेटलाय म्हणून ऊन तसं रणरणतं लिहिलंय. गाईडात 'ऊन म्हणजे गरिबीचे चटके'. चारपैकी एक मार्क. स्वमत म्हणायचं आणि मत गाईडातलं मागायचं! त्या दिवसापासनं पोरगं गोष्ट वाचतच नाही, थेट गाईड उघडतंय.

निवृत्त मास्तर :
तीस वर्षं मराठी शिकवलं. पोरानं गोष्टीतलं वाक्य दाखवून लिहिलं असेल तर पूर्ण मार्क द्यायला हवे होते, नुसतंच 'मला वाटतं' असेल तर मीही कापले असते. पण म्हणून शिकवायचंच नाही? खांडेकरांची ययाती घ्या. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा तिघं आपापलं 'मी' म्हणून सांगतात. कोण काय झाकतंय ते वाचणाऱ्यानं धरायचं. निवेदक, म्हणजे गोष्ट सांगणारा, काय असतो हे सांगितलंच नाही तर पोरगं ययाती म्हणेल तेच खरं धरून बसेल.

कागलची मावशी :
मार्कांचं निघालंच आहे तर माझंपण ऐका. भाच्यानं संवादलेखनात शेतकऱ्याच्या तोंडी 'लई पाऊस झाला' लिहिलं, त्यावर लाल गोल, 'अशुद्ध'. आमच्या कागलच्या आनंद यादवांच्या 'झोंबी' या गावाकडच्या बोलीतल्या आत्मचरित्रात्मक कादंबरीला १९९० साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळतो आणि आमच्या पोरानं 'लई' लिहिलं की चूक?

निवृत्त मास्तर :
संवादात बोली चालते. उत्तरात प्रमाणभाषाच हवी.

कागलची मावशी :
तुमच्या वर्गात चालत असंल. मला पाचवीत 'व्हय' म्हटलं म्हणून अख्ख्या वर्गासमोर उभं केलेलं. आता पन्नाशी आली, तरी चारचौघांत बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडतोय. नियम मला सांगू नका!

गंगावेशकर :
मावशी, एकदम बरोबर. आमच्यातबी हेच झालंय.

निवृत्त मास्तर :
उभं करणं चूकच होतं. ते मी कशाला झाकू?

रंकाळ्याची आई :
अहो पण भाच्याचं 'लई' हीसुद्धा खूणच की! माणूस कुठला, कुणाशी बोलतोय, शिकलाय का, सगळं त्या एका शब्दात येतं. ते खोडलं म्हणजे पात्रच खोडलं. खुणा वाचायला शिकलेला माणूस तिथं लाल पेन लावणार नाही, मी तेच म्हणायलोय सकाळपासनं.

गंगावेशकर :
बरं. 'पाऊस म्हणजे पाऊसच' एवढं मागं घेतो. गाईडाचं मागं घेणार नाही. पोराचा पेपर अजून कपाटात हाय, फोटो टाकतो, सर तुम्हीच तपासा.

निवृत्त मास्तर :
गोष्टीची पानं पण टाका. नुसत्या उत्तरावरनं मार्क देणार नाही.