जुन्या धाटणीची दुनळी क्ले नेमबाजीला चालेल का?

घोडबंदरकर:
नमस्कार. वडिलांनी सत्तरी ओलांडल्यावर त्यांची बारा बोअरची इंग्लिश दुनळी रीतसर माझ्या परवान्यावर आली. नळ्या शेजारी-शेजारी, चाप दोन, दस्ता सरळ, आणि नळ्यांवर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे (बंदुकांची मजबुती तपासणाऱ्या संस्थेचे) ठसे आहेत. मला ट्रॅप व स्कीट (हवेत उडणाऱ्या तबकड्या फोडण्याच्या क्ले नेमबाजीचे दोन प्रकार) शिकायचे आहे, परंतु तेथे सर्वांच्या हाती वरखाली नळ्यांच्याच बंदुका दिसतात. हीच वापरावी की दुसरी घ्यावी?

नेरूळकर:
आंतरराष्ट्रीय नियमांत शेजारी-शेजारी नळ्यांना मज्जाव नाही. नळीचा व्यास बारा बोअरपेक्षा मोठा नसावा आणि काडतुसात 24 ग्रॅमपेक्षा जास्त छर्रे नसावेत, हे मुख्यतः पाहिले जाते. खरा प्रश्न धाटणीचा नसून वयाचा आहे. जुन्या इंग्लिश बंदुकांचे चेंबर (नळीतील काडतूस बसण्याची जागा) अनेकदा 65 मिलिमीटरचे असते, आणि आजची बहुतेक काडतुसे 70 ची. ही लांबी काडतूस उडून त्याचे तोंड उघडल्यानंतरची असल्यामुळे न उडवलेले काडतूस आखूड चेंबरमध्येही सहज बसते. पण बसते म्हणून चालते असे नाही, कारण उघडणाऱ्या तोंडाला जागा न मिळाल्याने दाब वाढतो. नळ्या उतरवून तळाकडील ठशांत ‘नायट्रो प्रूफ’ (आधुनिक धूरविरहित दारूसाठी तपासल्याची खूण) आहे का ते पाहा आणि परवानाधारक कारागिराकडून चेंबर, नळ्यांची जाडी व सांध्याचा सैलपणा मोजून घ्या. नळ्यांवर दमास्कसची (लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडल्याने उमटणारी) वेलबुट्टी असेल आणि तो ठसा नसेल, तर बंदूक भिंतीवरच शोभेल. स्टीलचे छर्रे मात्र कोणत्याही परिस्थितीत नकोत.

कोपरीचे काका:
तपासणीत बंदूक उत्तीर्ण झाली असे धरून लिहितो. पुढचा चाप सहसा उजवी, मोकळ्या चोकची (चोक म्हणजे छर्रे किती पसरतील ते ठरवणारी नळीच्या तोंडाची निमुळती) नळी उडवतो आणि मागचा डावी, घट्ट चोकची. ट्रॅपमध्ये तबकडी दूर पळत असते व एका तबकडीवर दोन बार टाकता येतात, म्हणून हा क्रम तेथे अगदी सोयीचा आहे. स्कीटमध्ये अंतर कमी असल्याने घट्ट चोकचा छर्रा पुरेसा पसरत नाही. तेथे ही बंदूक तुम्हाला छळेल.

वजनाचाही विचार करा. बंदूक छर्र्यांच्या 96 पट जड असावी, असा जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने 24 ग्रॅमला सुमारे 2.3 किलो पुरतात, म्हणजे तीन किलोची दुनळी खांदा दुखवणार नाही. मात्र पुढचे लाकूड बारीक असल्यामुळे डावा हात नळ्यांवरच येतो, आणि 25 तबकड्यांच्या फेरीत त्या चांगल्याच तापतात. चामड्याचे वेष्टण घ्या.

घोडबंदरकर:
आभारी आहे. चेंबर मोजल्याशिवाय एकही काडतूस घालणार नाही. स्पर्धेत उतरायचे झाल्यास?

कोपरीचे काका:
मग वरखाली नळ्यांचीच घ्या. एकाच नळीवरून नेम धरल्याने दिशा स्पष्ट दिसते, वजन जास्त असल्याने फिरवण्यात ओघ राहतो, आणि चोकही बदलता येतात. दुनळी शिकण्यासाठी ठेवा आणि खाडीच्या दमट हवेत प्रत्येक फेरीनंतर नळ्या कोरड्या पुसून तेलाचा हलका हात द्या. पुढच्या वेळी बार काढण्यापूर्वी ते तेल मात्र पुसून टाका.