अनुभव धागा : नवे भाग बसवले, तरी गेम अडखळतोच?

संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड किंवा नवा प्रोसेसर बसवला, सरासरी वेग वाढलाही, पण गेम मधूनच अडखळतो आणि काल नीट चाललेला आज का चालत नाही हे उमगत नाही, ही तक्रार सोलापुरातल्या मित्रमंडळींकडून इतक्यांदा ऐकली की हा धागा काढावासा वाटला. काय बदलले, काय मोजले आणि अखेर दोष कुठे सापडला, हे तिन्ही कृपया लिहावे. ‘दुकानात नेला, त्यांनी करून दिला’ एवढ्यावर दुसऱ्याचे भागत नाही.

सुरुवात माझ्यापासून करतो. ग्राफिक्स कार्ड बदलल्यावर माझी सरासरी सेकंदाला ६५ फ्रेमवरून (फ्रेम म्हणजे पडद्यावर उमटणारे एक चित्र) ११० वर गेली, तरी दर दोन-तीन मिनिटांनी झटका बसे. मग ध्यानात आले की सरासरी हा आकडाच फसवा आहे. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. त्यात एखाद्याच फ्रेमने ८० मिलिसेकंद घेतले तर सरासरी जेमतेम हलते, डोळ्यांना मात्र ते लगेच खुपते. आफ्टरबर्नर या मोजमापाच्या प्रोग्राममध्ये फ्रेमच्या वेळेचा आलेख लावल्यावर हे सुळके दिसले, आणि त्या क्षणी कार्ड निम्मे रिकामे बसलेले होते, म्हणजे ते कशाची तरी वाट पाहत होते. कार्डासोबत रॅमची दुसरी पट्टी घेतली होती, ती मी पहिलीच्या शेजारच्या खाचेत बसवली होती. चार खाचांच्या बोर्डावर बहुधा दुसरी आणि चौथी खाच वापरावी लागते, तरच दोन्ही चॅनेल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या दोन्ही वाटा, चालतात. शिवाय एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारा पर्याय) बंद असल्याने ३२०० वेगाची रॅम २४०० वर रेंगाळत होती. पट्टी हलवून बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) तो पर्याय चालू केला आणि सुळके जवळजवळ नाहीसे झाले. खर्च शून्य, मनस्ताप तीन आठवड्यांचा.

जुळे सोलापूर, धागाकर्ता

आमचे घर अशोक चौकाच्या बाजूला आहे आणि घराला लागूनच वडिलांचा टॉवेलचा यंत्रमाग कारखाना आहे. जुना चार कोअरचा प्रोसेसर काढून आठ कोअरचा बसवला, कूलर मात्र जुनाच ठेवला, कारण तो ‘चालतोय की’ असे मला वाटले. एप्रिलअखेरीस त्रास सुरू झाला. पहिली पंधरा मिनिटे गेम सुरेख चाले, पुढे वेग ओसरत निम्म्यावर येई. रात्री अकरानंतर खेळलो तर मात्र तास-दीड तास काही होत नसे. मी ड्रायव्हर तीनदा काढून पुन्हा घातले, विंडोजही नव्याने टाकले, पण फरक शून्य. शेवटी तापमान नोंदवत बसलो, तेव्हा प्रोसेसर ९८ अंशांवर गेला की त्याची घड्याळगती, म्हणजे कामाचा वेग, आपोआप खाली येताना दिसली. बाहेर ४२-४३ अंश असताना पत्र्याखालच्या खोलीत कूलरला थंड हवा मिळणार तरी कुठून? तरीही एवढे तापणे पटेना, म्हणून पंखा उचकटला, तर हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पात्यांमध्ये कापसाच्या तंतूंची गादीच बसलेली होती, पार नमद्यासारखी. वडील शेजारी उभे होते. ते तेलुगूत म्हणाले, ‘आम्ही रोज माग झाडतो, तू हे कधी झाडलेस?’ मला उत्तर सुचले नाही. गादी काढून, थर्मल पेस्ट नवी लावून आणि पुढे मोठा कूलर घेऊन तापमान ७८ वर आले. आता कॅबिनेटच्या पुढच्या जाळीला बारीक गाळणी लावली आहे आणि ती दर रविवारी झटकतो. पूर्व भागात ज्यांच्या घराशेजारी माग आहेत, त्यांनी हे आधी पाहावे, ड्रायव्हर नंतर.

अशोक चौक

माझा अनुभव लाजिरवाणा आहे, म्हणून थोडक्यात सांगते. नवे कार्ड घेऊनही वेग जुनाच राहिला, कारण मॉनिटरची केबल मी कार्डाऐवजी मदरबोर्डाला जोडली होती. ती सुधारली, तरी हालचाल गुळगुळीत दिसेना. १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ चित्रे दाखवू शकणारा) मॉनिटर विंडोजच्या सेटिंगमध्ये ६० वरच राहिला होता.

विजापूर रोड

सात रस्त्याजवळ माझे सहा संगणकांचे गेमिंगचे छोटे दुकान आहे. सगळ्यांवर विंडोज ११ टाकले, तेव्हा एकाच बनावटीच्या प्रोसेसरच्या दोन संगणकांवर कधीतरी अचानक सेकंद-दोन सेकंद चित्र गोठू लागले आणि आवाजही फाटू लागला. हे दिवसातून एक-दोनदाच होई, त्यामुळे पकडता येईना. कारण निघाले टीपीएम, म्हणजे संगणकाच्या सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग : विंडोज ११ साठी टीपीएम २.० चालू करावे लागते, आणि प्रोसेसरमधल्या टीपीएममुळे असे गोठणे होऊ शकते, हे संबंधित कंपनीने मार्च २०२२ मध्ये मान्य करून पुढे बायोसची सुधारित आवृत्ती दिली. ती घातल्यावर त्रास थांबला. बायोस बदलताना संगणक यूपीएसवरच असू द्या, मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. आणखी एक : गिऱ्हाईक अडखळण्याचे खापर सर्रास पॉवर सप्लायवर फोडते. पुरवठा अपुरा पडला तर संगणक बहुधा बंद पडतो किंवा पुन्हा सुरू होतो. नुसत्या झटक्यांसाठी तो बदलायला मी कोणाला सांगत नाही.

सात रस्ता

माझ्या बाबतीत भाग चांगले होते, पण जोडी जमली नाही. स्वस्तातले ४ जीबीचे कार्ड घेतले. ते बोर्डाशी चारच लेनने (माहितीच्या मार्गिकांनी) बोलते, आणि माझा जुना बोर्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड-बोर्ड जोडणीच्या, तिसऱ्या पिढीचा. म्हणजे सेकंदाला जेमतेम ४ जीबीची वाट; चौथ्या पिढीच्या बोर्डावर ती दुप्पट झाली असती. टेक्श्चर (भिंती-जमिनीवरच्या चित्रांचा बारकावा) ‘मध्यम’वर ठेवले की गेम सरळ चाले, ‘उच्च’ केले की कार्डाची मेमरी भरे, उरलेला माल त्या अरुंद वाटेने रॅममधून येई आणि नव्या इमारतीत शिरताच दोन सेकंद थांबावे लागे. बोर्ड बदलायला पैसे नाहीत. ‘मध्यम’वर समाधानी आहे. कार्ड घेताना मेमरीबरोबर लेनही विचारा, हे दुकानदार आपणहून सांगत नाहीत.

होटगी रोड

वरचे सगळे तपासून पाहिले. रॅम दोन्ही चॅनेलवर आहे, प्रोसेसर ७० अंशांच्या वर जात नाही, केबल कार्डालाच आहे. तरी नव्या भागात शिरताना गेम थबकतो, आणि त्याच वाटेने परत आलो की थबकत नाही. हे लिहिताना आठवले, की विंडोज नव्या एसएसडीवर टाकली, पण गेम अजून २०१६ च्या हार्ड डिस्कवरच आहे. आज रात्री तो हलवायला लावतो. उद्या तोच टप्पा पुन्हा खेळून दोन्ही आलेखांचे आकडे इथे देतो.

नवी पेठ